रंकाळ्यावर ‘त्सुनामी’ आली तेव्हा

मे महिन्यातली दुपार, साडेचारचा सुमार. इचलकरंजीहून आत्याचा फोन. “अरं, रंकाळ्यावर त्सुनामी आलीया म्हणं. बाहेर पडू नगंस.”

समुद्र आमच्या कोल्हापुरापासून अख्खा घाट उतरून पलीकडं. तरी मला हसू आलं नाही, कारण तिच्याकडं आलेला फोटो दहा मिनिटांपूर्वी माझ्याकडंही आला होता. शालिनी पॅलेसच्या बाजूनं शहराकडं तोंड करून काढलेला. खाली तळ्याचं शिशासारखं पाणी, आणि घरांच्या वर, फोटोच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, दुमडत पुढं येणारी काळी-निळी लाट. वरची कड गुळगुळीत, एकावर एक घड्या घातल्यासारखी; खालचा भाग फाटक्या घोंगड्यासारखा लोंबणारा. फोटो खरा होता. लाटही खरी होती. फक्त ती पाण्याची नव्हती, हवेची होती.

ढगांच्या आणि वादळांच्या फोटोंचा नाद असलेले आम्ही पाच-सहाजण आहोत. एकाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, एक मास्तर, मी स्वतः हिशेबनीस. मार्च संपला की दुपारी तीननंतर आमचं कामात लक्ष नसतं. अमेरिकेत असल्या लोकांना स्टॉर्म चेसर म्हणतात आणि त्यांची परंपरा चांगली जुनी आहे. डेव्हिड होडली नावाचा गृहस्थ १९५६ पासून वादळांच्या मागं गाडी घेऊन फिरायला लागला आणि १९७७ साली त्यानं या नादाचं ‘स्टॉर्म ट्रॅक’ नावाचं नियतकालिकच काढलं. पण तिकडं सपाट मैदान आणि सुतासारखे सरळ रस्ते. आपल्याकडं दोन्ही बाजूला ऊस, पुढं शेणखताची ट्रॉली, पाठलाग कुणाचा करणार? आम्ही पाठलाग करत नाही. पन्हाळ्याच्या अंगाला मसाई पठारावर नाहीतर जोतिबाच्या वाटेवर उंच जागा धरतो आणि वाट बघतो. पन्हाळा शहरापेक्षा चारेकशे मीटर उंच आहे. तिथून उगवतीकडं बघितलं की सांगली-मिरजेपर्यंतचं आभाळ उघडं पडतं.

आता ती लाट कशी तयार झाली ते सांगतो. त्यासाठी आधी गुऱ्हाळात जाऊ.

काहिलीत रस उकळताना बघितला असेल. मधून उसळून वर येतो, कडेनं खाली जातो. एप्रिल-मेमध्ये आपली जमीन ही अशीच काहील असते. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाते. नुसती कोरडी हवा असेल तर ती थोडी वर जाऊन गार होते आणि विषय संपतो. पण दुपारनंतर अरबी समुद्रावरचा दमट वारा घाट चढून आपल्याकडं येतो. त्यातली वाफ उंचावर जाऊन थेंब होते, आणि सगळी गंमत तिथंच आहे. काहिलीवरच्या वाफेचा चटका नुसत्या गरम हवेपेक्षा कितीतरी जास्त का लागतो? कारण वाफेचं पाणी होताना तिनं साठवलेली उष्णता बाहेर पडते. ढगातही तेच होतं. प्रत्येक थेंब तयार होताना आजूबाजूच्या हवेला थोडी ऊब देतो, ती हवा आणखी वर चढते, आणखी थेंब होतात. म्हणजे हा ढग स्वतःचं जळण स्वतःच वर घेऊन जातो. तासाभरात कापसाच्या ढिगाचा मनोरा होतो आणि त्याचं टोक बारा-पंधरा किलोमीटरवर पोचतं. एव्हरेस्ट नऊ किलोमीटरलाही थोडं कमीच पडतं, त्यावरून अंदाज करा. शाळेच्या भूगोलात याला गर्जन्मेघ म्हणायचे.

इतक्या उंचीवर हवेचा असा एक थर लागतो की तिथून वर जाताना तापमान कमी व्हायचं थांबतं. त्यामुळं खालून आलेल्या हवेला पुढं चढता येत नाही. चुलीचा धूर आढ्याला लागून पसरतो तसा ढग आडवा पसरतो आणि लोहाराच्या ऐरणीचा आकार येतो. हा ऐरणीचा फोटो काढायचा तर एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी लागते: ज्याच्या डोक्यावर वळीव कोसळतोय त्याला ढग दिसतच नाही, दिसतं नुसतं अंधारलेलं आभाळ. आख्खा ढग दिसतो तो साठ-सत्तर किलोमीटरवर कोरड्यात उभा असलेल्याला. आमचे ऐरणीचे सगळे चांगले फोटो मिरजेकडच्या पावसाचे आहेत. मिरजेतल्यांकडं आमच्या पावसाचे असतील.

आता लाट. ढगात पाणी आणि गारा इतक्या साठतात की खालून येणाऱ्या हवेला त्या पेलवत नाहीत आणि कोसळायला लागतात. पडताना सोबतची हवा ओढत आणतात. वाटेत काही थेंबांची वाफ होते, त्यानं ती हवा गार होते, आणि गार हवा जड. ती जमिनीवर आपटते आणि चहूकडं पसरते, अंगणात बादली उपडी केल्यावर पाणी पसरतं तशी. समोर असते दुपारभर तापलेली, दमट, हलकी हवा. कोल्हापूरकराला पुढचं एका शब्दात कळेल: पट. तालमीत वाकून आत शिरलेला गडी समोरच्याचे पाय धरून त्याला उचलतो, तशी गार हवा गरम हवेच्या खालनं शिरते आणि तिला उचलते. उचललेल्या हवेतल्या बाष्पाचा ढग होतो. गार हवेच्या पुढच्या धारेवर तो लांबच लांब, पाचरीसारखा तयार होतो. इंग्रजीतून आलेलं नाव शेल्फ क्लाउड. भिंतीतल्या फळीसारखा पुढं आलेला ढग. वरचा गुळगुळीत भाग म्हणजे निवांत उचलली गेलेली गरम हवा. खालचा फाटका भाग म्हणजे जिथं गार आणि गरम हवेची झोंबाझोंबी चालली आहे तो.

हे मी सांगतोय वाचून. मसाई पठारावरच्या एका धनगर मामांना ते न वाचताच माहीत होतं. आम्ही तिपाया लावून उभे होतो. उकाडा इतका की शर्ट पाठीला चिकटलेला. एकाएकी वारा थांबला. गवताचं पातं हलेना. मामांनी शीळ घालून मेंढरं वळवली.

“वारं पडलं बगा,” ते म्हणाले. “आता थंड येईल, मग पानी. हितं उभं ऱ्हाऊ नगा, पावणं.”

पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत. समोरच्या घळीतून धुळीचा पडदा उठला, अंगावर फ्रिज उघडल्यासारखा गारवा आला आणि त्यासोबत ओल्या मातीचा वास. पाऊस अजून दूर होता. वास आधी कसा पोचला? कारण तो पावसानं नव्हे, पावसातून निघून पळत पुढं आलेल्या त्या गार हवेनं आणला होता. मधली शांतताही तशी सोपी आहे: ढगाकडं ओढला जाणारा वारा आणि ढगातून बाहेर फेकला जाणारा वारा एकमेकांसमोर येतात, आणि त्यांच्या बरोबर मध्ये उभ्या असलेल्याला क्षणभर दोन्ही लागत नाहीत. माझा लाटेचा त्या दिवशीचा फोटो हललेला आहे. तिपाई मी धरली होती आणि मला वाऱ्यानं.

वादळ डोक्यावरून गेलं की बहुतेक लोक कॅमेरा पिशवीत घालतात. तिथंच चुकतात. मावळतीचं ऊन तिरकं आलं आणि वर अजून ऐरणीचा मागचा भाग पसरलेला असला, तर कधीकधी त्याच्या पोटाला शेकडो गोल पिशव्या लोंबताना दिसतात, सोनेरी नाहीतर विटकरी. नाव मॅमॅटस. लॅटिनमधल्या ‘मॅमा’वरून, म्हणजे स्तन किंवा सड. गंगावेशीत म्हशी आणून समोर धार काढून दूध देतात त्या गावाला हे नाव वेगळं समजावायला नको. ढगाला कास फुटलेली असते. बहुतेक ढग हवा वर जाताना होतात, हा मात्र खाली बसणाऱ्या हवेचा. बर्फाचे बारीक कण आणि त्यांच्यासोबतची गार हवा गाठीगाठींनी खाली उतरते आणि त्या पिशव्या होतात. दिसायला भीतिदायक, पण बहुतेक वेळा जोर ओसरल्याची खूण. लोक मात्र हाच फोटो ‘प्रलय येतोय’ म्हणून पाठवतात.

विजेवर जरा थांबतो, कारण आमच्याकडं सर्वाधिक प्रश्न तिचेच येतात.

ढगात बर्फाचे हलके स्फटिक आणि छोट्या, मऊसर गारा एकमेकांवर आपटतात. त्या घासाघाशीत साधारणपणे गारांकडं ऋण भार राहतो, स्फटिकांकडं धन. जड गारा मधल्या-खालच्या भागात राहतात, हलके स्फटिक वर जातात. झाली बॅटरी. मग ऋण भाराची एक अंधुक वाट पन्नासेक मीटरच्या टप्प्याटप्प्यानं, फाटे फोडत जमिनीकडं उतरते. ती जवळ आली की झाडं, खांब, देवळाचा कळस, माणसं यांच्यातून बारीक ठिणग्या वर निघतात. त्यातली एक तिला भेटली की मार्ग जुळला. आपल्याला दिसतो तो लखलखाट या जुळलेल्या मार्गावरून खालून वर जातो. वीज ‘पडली’ म्हणतो खरं, पण उजेड चढतो. त्या वाटेचं तापमान तीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. जाडी मात्र जेमतेम अंगठ्याएवढी. फोटोत ती खांबाएवढी दिसते कारण कॅमेऱ्याला तेवढा उजेड झेपत नाही.

त्यामुळं विजेचा फोटो वाचता येतो. फाटे खालच्या दिशेनं फुटलेले असतील तर सुरुवात ढगातून झाली. फाटे वर उघडणारे असतील, खाली पसरणाऱ्या मुळांसारखे नव्हे तर वर फुटणाऱ्या झाडासारखे, तर ती वीज जमिनीवरच्या उंच वस्तूतून निघाली: डोंगरमाथ्यावरचा टॉवर, पवनचक्की. असा फोटो मिळाला तर जपून ठेवा, तो रोज मिळत नाही. आणि एकाच फोटोत शहरावर चाळीस विजा दिसल्या तर तो खोटा असेलच असं नाही, पण तो एक क्षणही नाही. तासाभरात काढलेले चाळीस फोटो एकावर एक ठेवलेले असतात. काढणाऱ्यानं ते सांगावं एवढीच अपेक्षा. न सांगता पाठवणाऱ्यांचा मला राग येतो.

अजून एक मजा. आमच्या दुकानवाल्या मित्राकडं एक गिऱ्हाईक आलं, फोन दाखवत. “कॅमेरा खराब झालाय, भावा. विजेचा व्हिडिओ काढला तर एका चित्रात वरचा अर्धा भाग पांढरा, खालचा अंधारा.” सरळ रेघेनं कापल्यासारखा. कॅमेरा ठणठणीत होता. फोनचा कॅमेरा आख्खं चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. वीज त्यापेक्षाही झटपट. ओळी अर्ध्या वाचून होईपर्यंत ती चमकून विझलेली असते. गिऱ्हाइकाला हे पटवायला चहा पाजावा लागला, आणि पटलं की नाही ते अजून माहीत नाही.

विजेची लांबी म्हणाल तर आपला अंदाज फार तोकडा पडतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेत टेक्सासपासून कॅन्सस सिटीच्या परिसरापर्यंत एकच वीज ८२९ किलोमीटर धावली. जागतिक हवामान संघटनेनं २०२५ साली हा विक्रम मान्य केला. कोल्हापुरात सुरू झाली असती तर ती अहमदाबादच्या पलीकडं पोचली असती. ही ढगातल्या ढगात धावणारी वीज, आणि ती मोजली उपग्रहानं.

मग ढगाच्या वर काय होतं? वैमानिक वर्षानुवर्षं सांगत होते की वादळाच्या डोक्यावर कधीकधी उजेड दिसतो. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ६ जुलै १९८९ च्या रात्री मिनेसोटा विद्यापीठाची मंडळी अंधारात चालणारा एक कॅमेरा नुसता तपासून बघत होती आणि दूरच्या वादळावर उभे राहिलेले दोन प्रकाशस्तंभ त्यात आपसूक सापडले. आज त्यांना स्प्राइट म्हणतात. जमिनीपासून पन्नास ते नव्वद किलोमीटर उंचीवर, लालभडक, गाजराच्या आकाराचे नाहीतर जेलीफिशसारखे, आणि आयुष्य सेकंदाच्या काही हजाराव्या भागांचं. खाली जबरदस्त वीज पडली की वरच्या विरळ हवेत हा पडसाद उमटतो.

यात हौशी लोकांचं काम मोठं आहे म्हणून हा विषय काढला. १९ मे २०२२ च्या रात्री तिबेटच्या पठारावरून दोन चिनी छायाचित्रकारांनी हिमालयाच्या दिशेनं कॅमेरे लावले आणि गंगेच्या मैदानापासून पसरलेल्या एका वादळावर १०५ स्प्राइट टिपले. कॅमेऱ्याचं घड्याळ काटेकोर नव्हतं. मग संशोधकांनी काय केलं, तर चित्रफितीत मागं दिसणारे तारे आणि सरकणारे उपग्रह यांच्यावरून वेळ काढली. त्यामुळं जवळपास सत्तर टक्के स्प्राइट नेमके कुठल्या विजेमुळं उठले ते जुळवता आलं. मे महिन्यात पूर्वेच्या क्षितिजावर आवाज न करता लुकलुकणाऱ्या विजा पन्हाळ्यावरून आपणही बघतो. दोन-तीनशे किलोमीटरवरचं वादळ आणि डोक्यावर स्वच्छ आभाळ, स्प्राइटसाठी हेच लागतं. आम्ही दोन उन्हाळे प्रयत्न करतोय. आतापर्यंत पदरात डास.

हौशी फोटोनं ढगांची यादीसुद्धा बदलायला लावली आहे. जून २००६ मध्ये अमेरिकेतल्या सीडर रॅपिड्स शहरावर एका बाईंनी असा ढग टिपला की जणू खवळलेला समुद्र खालून, पाण्यात बुडी मारून बघतोय. कुठल्याच नावात तो बसेना. ब्रिटनमधल्या ढगप्रेमींच्या संस्थेचे गॅव्हिन प्रीटर-पिनी यांनी नव्या नावाचा आग्रह धरला, जगभरातून तसे फोटो जमा होत गेले, आणि २०१७ साली जागतिक हवामान संघटनेच्या मेघकोशात ‘ॲस्पेरिटास’ दाखल झाला. लॅटिनमध्ये अर्थ खडबडीतपणा. ढगांच्या अधिकृत यादीत अशी भर १९५१ नंतर पडली नव्हती.

गारांबद्दल थोडक्यात. गारेचा फोटो हातावर घेऊन काढू नका, हात प्रत्येकाचा वेगळा. शेजारी दहाचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, आकार आपोआप कळतो. आणि ‘कोल्हापुरात टोर्नेडो’ म्हणून जे व्हिडिओ येतात त्यातले बहुतेक वावटळीचे असतात. ओळखायची खूण एकच: वर ढग आहे का? लख्ख उन्हात मोकळ्या रानातून धुळीचा भोवरा उठला असेल तर ती वावटळ, जमिनीच्या उकाड्यानं फिरणारी. टोर्नेडो वरच्या गर्जन्मेघाला जोडलेला असतो आणि त्याची ताकद वेगळ्याच जातीची. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनो इथं चार किलोमीटरहून रुंद टोर्नेडोनं टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग या तिघांचा जीव घेतला. समारास हा बेफिकीर माणूस नव्हता. वादळांचा पाठलाग करणाऱ्यांमध्ये सावधपणाबद्दल त्याचं नाव घेतलं जायचं.

आपल्याकडं जीव घेते ती वीज. देशात वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं. म्हणून आमचा नियम: चमक दिसली की मोजायला लागायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे, तिपाई तिथंच सोडून गाडीत. पत्र्याची बंद गाडी चालते, मोटारसायकल नाही. टायरमुळं नव्हे, पत्र्याच्या कवचामुळं. वीज बाहेरून जमिनीत उतरते. झाडाखाली तर मुळीच नाही. झाडावर पडलेली वीज मुळांशी जमिनीत पसरते, आणि जनावराचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यानं त्यांच्यामधून जाते. झाडाखाली उभी शेरडं-मेंढरं एकदम दगावतात ती यानं. धनगर मामा आम्हाला ‘हितं उभं ऱ्हाऊ नगा’ म्हणाले ते उगाच नव्हतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. आम्ही सगळ्यांनी ते घेतलंय, मामांनाही त्यांच्या नातवाच्या फोनवर घालून दिलं.

आत्याला मी त्या दिवशी फोनवर हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की तो ढग आहे, कपडे आत घे, अर्ध्या तासात तुझ्याकडं येईल. पंचवीस मिनिटांत पोचला. तेव्हापासून तिचा माझ्यावर नको इतका विश्वास बसलाय आणि आभाळात काहीही दिसलं की ती मला फोटो पाठवते.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला एक आला. चंद्राभोवती मोठं खळं, कडेला तिचं बोट, खाली समोरच्या घराची पाण्याची टाकी. पातळ, उंच ढगातल्या षटकोनी बर्फकणांमधून उजेड बावीस अंशांनी वळतो, त्याचं ते कडं. मी लिहिलं, हात सरळ लांब कर, पंजा फाकव, अंगठा चंद्रावर धर, करंगळी कड्यावर येते का बघ.

“माझी वीत लहान हाय की रं,” तिचा उलटा निरोप.

हात पण लहान आहे, मी लिहिलं, म्हणून जमतं. मोज तर.

बराच वेळ काही आलं नाही. मग दुसरा फोटो. चंद्र दिसत नव्हता, अंगठ्यामागं झाकला गेला होता, आणि बांगडी घसरून कोपरापर्यंत आलेल्या हाताची करंगळी कड्याला टेकलेली होती.